दोघींत एक पिस्तूल

गटांची यादी हाती आली तेव्हा हिल्काने ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. नववा गट, दहा नावं. चौथं नाव तिचं होतं आणि सातवं सिर्कूचं. पिस्तूल नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धेला साऱ्या फिनलंडमधून अडीचशे माणसं आली होती, आणि संयोजकांना नेमक्या याच दोघींना एका दावणीला बांधायचं सुचलं होतं.

हिल्का सत्तावन्न वर्षांची. सारियार्वीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिची तीस वर्षं गेली होती. सिर्कू तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तिच्या धाकट्या भावाची, ओस्मोची, बायको. म्हणजे एके काळची. बावीस वर्षं संसार करून चार वर्षांपूर्वी एका सकाळी सिर्कूने दोन बॅगा भरल्या आणि ती एनेकोस्कीला निघून गेली. त्या दिवसापासून हिल्काने तिच्याशी अबोला धरला. त्याआधी या नणंद-भावजयीत जे सख्य होतं ते सख्ख्या बहिणींतही सापडत नाही. सिर्कूला पहिल्यांदा मैदानावर नेलं ते हिल्काने. पिस्तूल धरायला शिकवलं तेही तिनेच. पुढे दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच घडणीची दोन पिस्तुलं घेतली, आणि घरी येऊन हिल्काने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्हींचे चाप घासूनपुसून लोण्यासारखे मऊ करून दिले. हे सगळं आता न झाल्यासारखं होतं. सिर्कूने क्लबही बदलला होता. दोघी स्पर्धांना लांबून दिसायच्या, तेवढंच.

शनिवारचे सात टप्पे त्यांनी एकमेकींच्या वाऱ्याला उभं न राहता काढले. हे वाटतं तितकं सोपं नाही. या खेळात एकजण लाकडी भिंतींमधून पळत, वाकत, खिडक्यांतून डोकावत पुठ्ठ्याच्या निशाणांवर आणि लोखंडी पाट्यांवर गोळ्या झाडतो, पंच घड्याळ घेऊन त्याच्या मागे धावतो, आणि त्याचं संपलं की उरलेले नऊजण आत शिरून भोकांवर पट्ट्या चिकटवतात, पडलेल्या पाट्या उभ्या करतात. हात सगळ्यांनीच लावायचा असतो. मग सिर्कू उजवीकडे वळली की हिल्का डावीकडे जायची. एकदा पट्ट्यांची गुंडाळी एकच उरली, तेव्हा हिल्काने ती मध्ये एका खुंटीवर अडकवून ठेवली आणि तोंड फिरवलं. सिर्कूने ती तिथून घेतली.

संध्याकाळी निकाल पाहिला तर बायकांच्या यादीत हिल्का दुसरी होती. तिसरी तुर्कूची वेन्ला, तेवीस वर्षांची पोर, याच गटातली. चौथी सिर्कू. इतक्या वर्षांत हिल्काला राष्ट्रीय पदक एकदाही मिळालं नव्हतं. त्या रात्री ती हसतच झोपली.

रविवारी सकाळी आठव्या टप्प्यावर तिचं पिस्तूल गेलं.

अर्धं अंतर तिने सुरेख कापलं होतं. दुसऱ्या खिडकीपाशी तिने चाप ओढला, गोळी सुटली, पण रिकामी पुंगळी बाहेर पडलीच नाही. तिने झटका दिला, गोळ्यांचं मॅगझीन बदललं, पुन्हा झटका दिला. पुंगळी नळीतच घट्ट. सेकंद धावत होते. शेवटी तिने हात वर केला. पंच ताइस्तो, वाळूच्या खाणीतल्या या मैदानाइतकाच जुना माणूस, जवळ आला. पिस्तूल मोकळं झाल्यावर त्याने डोळे बारीक करून आत पाहिलं.

"पुंगळी ओढणारा आकडा तुटलाय," तो म्हणाला. "सुटा आकडा आहे तुझ्याकडे?"

साऱ्या तालुक्याला सुटे भाग विकणाऱ्या बाईने मान हलवून नाही म्हटलं. विक्रेत्यांच्या तंबूत विचारून झालं. तिथे टोप्या होत्या, पट्टे होते, आकडा नव्हता. हिल्का परत आली आणि बाकावर बसून कमरेचा पट्टा सोडायला लागली. तेवढ्यात सिर्कू पट्ट्यांची गुंडाळी हातात घेऊन ताइस्तोसमोर येऊन उभी राहिली.

"ताइस्तो," ती म्हणाली, "माझं पिस्तूल तसंच आहे. तिच्या म्यानात बसेल. मॅगझीनही तीच लागतात."

हिल्का पट्ट्याकडे बघतच म्हणाली, "ताइस्तो, तिला सांग की तिला अजून सात टप्पे खेळायचेत."

"ताइस्तो, तिला सांग की प्रत्येक टप्प्याला मी गटातल्या पहिल्या पाचजणांत खेळते आणि तिने शेवटच्या दोघांत खेळावं. मध्ये वेळ पुरतो."

ताइस्तोने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "मी पंच आहे," तो म्हणाला, "टपाल खातं नाही. मी मुख्य पंचांची परवानगी काढून येतो. तोवर तुम्ही दोघी समोरासमोर बोलून ठरवा, नाहीतर मी दोघींनाही पाट्या उभ्या करायला लावीन."

तो गेला. उठून गाडीत बसावं आणि सरळ घर गाठावं असं हिल्काला फार वाटलं. पण दुसऱ्या क्रमांकाचं पदक डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिनेच पडतं घेतलं.

"का देतेयस?" तिने विचारलं. चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"तू दिलं असतंस," सिर्कू म्हणाली.

हिल्काला तशी खात्री नव्हती.

परवानगी मिळाली. आता दोघींचा नेम असा ठरला: सिर्कूने टप्पा खेळायचा, पिस्तूल रिकामं करून म्यानात घालायचं, मग दोघींनी मातीच्या बांधापाशी मांडलेल्या टेबलाकडे जायचं. रिकामी पिस्तुलं हाताळायची ती जागा. तिथे कुणी गोळीला हात लावत नाही. सिर्कू पिस्तूल टेबलावर ठेवी, हिल्का उचली. पहिल्या वेळी हे अगदी मुक्याने झालं. हिल्काने रिकामं पिस्तूल बांधाकडे रोखून सवयीप्रमाणे एकदा चाप ओढला आणि तिचा हात तसाच थांबला. चाप तोच होता. लोण्यासारखा, शेवटी किंचित अडून मग सुटणारा. नव्या क्लबात सिर्कूला यापेक्षा चांगले कारागीर भेटले असतील, पण तिने या चापाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"लांबच्या पाट्यांना थोडं खाली धर," सिर्कू म्हणाली. "माझ्या डोळ्याप्रमाणे बसवून घेतलंय."

"किती खाली?"

"पाटीच्या पोटात. छातीत नाही."

हे सांगायची तिला काही गरज नव्हती. न सांगती तर हिल्काच्या दोन-तीन पाट्या नक्की चुकल्या असत्या आणि कुणाला कळलंही नसतं. त्या टप्प्यावर हिल्काने एकही पाटी चुकवली नाही.

असे तीन टप्पे गेले. बिघाडामुळे हिल्का दुसऱ्यावरून चौथ्यावर घसरली होती. वेन्ला दुसरी झाली होती, आणि तिसऱ्या जागी आता सिर्कू होती. म्हणजे जिच्या पिस्तुलाने खेळायचं तिलाच मागे टाकायचं, असा पेच होता. गटातली माणसं गालातल्या गालात हसत होती. वेन्लाने तर विचारलं, की तुम्ही बहिणी आहात का? दोघी एकाच वेळी "नाही" म्हणाल्या आणि त्यावर मात्र सगळा गट मोठ्याने हसला.

दुपारी खाणीच्या कडेला मोठ्या पातेल्यातलं साल्मन माशाचं सार आणि राय धान्याची काळी भाकरी मिळाली. बाक भरले होते, म्हणून दोघींना एकाच बाकावर बसावं लागलं. सिर्कू आपल्या कामाबद्दल बोलली. ती एनेकोस्कीत म्हाताऱ्यांचे कान तपासते. अर्ध्या लोकांना ऐकू येतं, फक्त बायकोचं ऐकू येत नाही, असं ती म्हणाली. हिल्काला हसू आलं आणि तिने ते भाकरीत दडवलं. मग सिर्कू सहज बोलावं तसं बोलून गेली, की एरवी यंदा सराव जास्त झाला असता, पण होडीचं इंजिन बंद पडलं आणि उन्हाळा त्यातच गेला. बरं झालं, मागच्या शनिवारी ओस्मो येऊन दुरुस्त करून गेला.

हिल्काचा चमचा सारात राहिला. "कोण ओस्मो?"

"आपला ओस्मो. मेर्वी पण आली होती. तिने रासबेरीचा केक आणला होता."

मेर्वी ही ओस्मोची नवी सोबतीण. हिल्काला ती ठाऊक होती, तिच्या हातचा केकही ठाऊक होता. पण हे तिघं एका टेबलाशी बसून केक खातात, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील." सिर्कूने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "तो म्हणाला होता तुला सांगतो. मग म्हणाला, धीर होत नाही. तू रागावशील."

पुढे काय बोलणं झालं ते हिल्काला नंतर आठवेना. बाराव्या टप्प्यावर ती भिंतींमधून पळाली खरी, पण डोळ्यांपुढे ओस्मोच होता. ज्याच्यासाठी आपण चार वर्षं तोंड शिवून बसलो, नाताळ एकटीने काढले, तो भाऊ बायकोच्या, म्हणजे पहिल्या बायकोच्या होडीत बसून केक खात होता. जखम ज्याची, त्याची केव्हाच भरली होती आणि आपण मात्र पट्टी बांधून लंगडत होतो. तिच्या दोन गोळ्या पुठ्ठ्याबाहेर गेल्या आणि एक पाटी उभीच राहिली. ताइस्तोने गुण सांगितले तेव्हा तिने नुसती मान डोलावली.

तेरावा टप्पा कसाबसा झाला. धावताना मॅगझीन बदलायची म्हणजे रिकामी खाली टाकायची, आणि तिथली जमीन म्हणजे नुसती पिठासारखी वाळू. हिल्काने आपली आणि सिर्कूची अशी सगळी मॅगझीन गोळा केली आणि ती शेवटच्या टप्प्याजवळच्या बाकावर भरायला बसली. हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. पिस्तूल फुकट वापरायचं तर एवढं तरी करावं. मॅगझीन उघडायचं, ब्रशने आतली वाळू झाडायची, बंद करायचं, एकेक गोळी आत दाबायची. सिर्कू येऊन शेजारी बसली. तिचे हात मोकळे होते.

"रागावलीस?" तिने विचारलं.

"ओस्मोवर," हिल्का म्हणाली. एक मॅगझीन भरून झालं. तिने दुसरं घेतलं. मग तिचं तिलाच ऐकवेना. "नाही. ओस्मोवर नाही."

सिर्कू तिच्याकडे वळून बसली.

"तू गेलीस ते मला ओस्मोने फोनवर सांगितलं," हिल्का म्हणाली. "मंगळवारी. रविवारी आपण दिवसभर मैदानावर एकत्र होतो. माझ्या थर्मासातली कॉफी प्यालीस. जाताना बाय म्हणालीस, नेहमीसारखी. तुझ्या बॅगा तेव्हा भरलेल्या असतील."

"भरलेल्या नव्हत्या. पण मनात होतं."

"मी सगळ्यांना म्हणत राहिले, माझ्या भावाला टाकून गेली. चार वर्षं तेच म्हटलं. खरं म्हणजे तू मला टाकून गेलीस, त्याचाच राग होता." बोलताना तिची बोटं चालत होती, गोळीवर गोळी दाबत होती. "भाऊ काय, भाऊ सावरला. त्याला मेर्वी मिळाली. मला दुसरी भावजय मिळाली. पण मेर्वीला बंदुकीच्या आवाजाने डोकेदुखी होते."

सिर्कूला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते.

"तुला सांगितलं असतं तर मी गेलेच नसते," ती म्हणाली. "तू मला थांबवलं असतंस. आरडाओरडा करून नाही. तू नुसती म्हणाली असतीस, बस, कॉफी घे, उद्या बघू. आणि मी बसले असते. आणखी दहा वर्षं बसले असते, हिल्का. ओस्मोबरोबर नाही, तुझ्याबरोबर. म्हणून सांगितलं नाही."

हिल्का अगदी तसंच म्हणाली असती. तिने भरलेली मॅगझीन एका बाजूला ओळीने ठेवली, सिर्कूची तिच्यापुढे सरकवली आणि बाहीने नाक पुसलं. तेवढ्यात ताइस्तोने सिर्कूचं नाव पुकारलं.

शेवटचा टप्पा लांब होता, बत्तीस गोळ्यांचा. सिर्कू तिसरी होती आणि ती सांभाळून खेळली असती तरी तिसरी राहिली असती. पण ती सांभाळून खेळली नाही, ती मोकळी सुटली. डावी भिंत, खिडकी, बुटका दरवाजा, हे सारं तिने असं पार केलं की गटातले लोक माना उंचावून बघू लागले. धावता धावता तिने मॅगझीन बदललं, पुढची पाटी पाडली, तिच्या शेजारची पाडली, आणि पिस्तूल उघडंच राहिलं. पुढची गोळी वर चढेना. तिने मॅगझीनच्या बुडाला थाप मारली, पुन्हा मारली, मग ते काढून फेकलं आणि शेवटचं उरलेलं लावलं. सात सेकंद गेले. या खेळात सात सेकंद म्हणजे आठवड्याएवढे. उरलेल्या गोळ्या तिने शांतपणे, एकेक करून मारल्या.

हिल्काने ते फेकलेलं मॅगझीन स्वतः उचलून आणलं. हलवलं तर आत खरखर झाली. तिने ते खिशात टाकलं.

पण तिची पाळी अजून व्हायची होती. टेबलापाशी सिर्कूने पिस्तूल ठेवलं, हिल्काने उचललं, आणि आता आपण बोललो तर हातून काहीच होणार नाही हे जाणून ती गप्प राहिली. तिने तो टप्पा स्वच्छ खेळला, एकही गोळी वाया न घालवता. वयामुळे जरा सावकाश. निकाल आला तेव्हा तिसऱ्या जागी टॅम्पेरेची एक बाई होती, दुसऱ्या गटातली, जिच्याकडे दिवसभर कुणाचं लक्षच नव्हतं. हिल्का चौथी. सिर्कू पाचवी. वेन्लाला रौप्यपदक मिळालं आणि तिने बक्षीस घेण्याआधी गटातल्या नवांनाही मिठी मारली, ताइस्तोला दोनदा.

माणसं पांगायला लागली तेव्हा हिल्का सिर्कूला बाजूला घेऊन गेली.

"ते मॅगझीन मी झाडलं नव्हतं," ती म्हणाली. "बोलण्याच्या नादात. वाळू तशीच राहिली आत. तुझं पदक माझ्यामुळे गेलं."

"माहीत आहे," सिर्कू म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी बघत होते ना. शेवटच्या दोनांना तू ब्रशच लावला नाहीस. सरळ गोळ्या भरल्यास."

हिल्का तिच्याकडे बघतच राहिली. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतीस," सिर्कू म्हणाली. "चार वर्षांनी तू बोलत होतीस. आणि मी मध्येच म्हणू, थांब, आधी ब्रश मार? म्हटलं, नसेल गेली वाळू. गेली होती."

हिल्काने सिर्कूचं तोंड दोन्ही हातांत धरलं, जसं लहान मुलाचं धरतात, आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकलं. फिनलंडातल्या दोन बायका भर मैदानात असं करत नाहीत. ताइस्तो पाट्या ढकलगाडीवर रचत होता. त्याने ते पाहिलं आणि तो लोखंडाचा जरा जास्तच आवाज करू लागला.

सिर्कू आपल्या क्लबवाल्यांबरोबर आली होती. ते पुढे कोकोलाला जाणार होते. हिल्काने तिची बॅग सरळ स्वतःच्या गाडीत टाकली, विचारलंही नाही. वाटेत एका चौकात कोवळ्या वाटाण्यांच्या शेंगा विकायला होत्या. तिकडे त्या लिटरच्या मापाने मिळतात, त्यांनी दोन लिटर घेतल्या आणि सोलून खात खात, साली खिडकीतून न टाकता हिल्काच्या टोपीत जमवत, दीड तासाचा रस्ता काढला. खूप बोलल्या. हिल्काच्या गुडघ्याबद्दल, सिर्कूच्या नव्या क्लबातल्या पाणचट कॉफीबद्दल, ओस्मोबद्दल. ओस्मोला फोन लावू का असं सिर्कूने विचारलं, तर हिल्का म्हणाली, आज नको, भिऊ दे त्याला अजून आठवडाभर.

एनेकोस्कीत सिर्कूचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. पिस्तुलं गाडीत ठेवून वर जाता येत नाही, म्हणून दोघी आपापली पेटी हातात घेऊन जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर हिल्काचा गुडघा कुरकुरला. ती कठड्याला धरून उभी राहिली. सिर्कू दोन पायऱ्या वर थांबली, खाली आली, तिने हिल्काच्या हातातली पेटी घेतली आणि दुसरा हात तिच्या काखेत घातला.

स्वयंपाकघर लहान होतं, पण खिडकीतून पाणी दिसत होतं. हिल्काने हे घर कधी पाहिलं नव्हतं. खुर्च्या दोनच होत्या. सिर्कूने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि हिल्काची पेटी त्यावर उघडली.

"बस," ती म्हणाली. "कॉफी ठेवते. तोवर तो आकडा कसा तुटलाय ते बघू दे मला."